‘एसएमपीएस कोणताही चालतो’ : गेमिंग पीसीविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

दहावी-बारावीचे निकाल लागले की ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ‘साठ हजारांत घरच्या घरी गेमिंग पीसी’ अशा मथळ्याचा एक संदेश फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, पण सल्ला तोच असतो. निम्म्याहून अधिक पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. कार्ड घेताना जीबी पाहा, कारण जास्त जीबी म्हणजे जास्त वेग. एसएमपीएस (भिंतीतली वीज संगणकाच्या भागांना लागेल तशी बदलून देणारी पेटी) कोणताही चालतो, कॅबिनेटबरोबर येतो तो पुरतो आणि मोठा घेतलात तर वीजबिल वाढते. रॅमची एकच स्टिक घ्या, दुसरी पुढे बघता येईल. प्रोसेसर आणि कार्ड यांचा ‘बॉटलनेक’, म्हणजे कोण कोणाला किती अडवते ते, एखाद्या संकेतस्थळावर टक्क्यांत तपासा. आणि पक्के बिल न घेता जीएसटीचे १८ टक्के वाचवा. पालकांना यातले फारसे कळत नाही, मुलांना घाई असते, त्यामुळे हा संदेश घेऊनच लोक दुकानात जातात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात वीजपुरवठ्याच्या उपकरणांची चाचणी घेणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि या संदेशावर विसंबून केलेली खरेदी माझ्या स्वतःच्या भाच्याच्या घरी मी पाहिली आहे, म्हणून हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करते. खेळातले चित्र रंगवण्याचे मुख्य काम ग्राफिक्स कार्डच करते आणि बजेटचा सर्वांत मोठा वाटा त्याच्याकडेच गेला पाहिजे. चूक होते ती ‘उरलेल्यात जे मिळेल ते’ या पुढच्या पायरीवर. आरएक्स ६५०० एक्सटी हे जानेवारी २०२२ मध्ये आलेले कार्ड मदरबोर्डाशी केवळ चार लेनने, म्हणजे माहितीच्या चार मार्गिकांनी, बोलते. कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या या जोडणीच्या मानकाला पीसीआयई म्हणतात. पीसीआयई ४.० च्या बोर्डावर या चार लेनमधून सेकंदाला जेमतेम ८ जीबी माहिती जाते, पण बोर्ड पीसीआयई ३.० चा असेल, आणि ए५२० किंवा बी४५० मालिकेतले स्वस्त बोर्ड तसे असतातच, तर ती निम्म्यावर येते. त्या कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबीच असल्यामुळे त्याला मुख्य रॅमकडे सारखे हात पसरावे लागतात, आणि नेमका तोच रस्ता अरुंद झालेला असतो. कार्डासाठी बोर्डात काटकसर केली आणि ती कार्डालाच भोवली, असा हा प्रकार आहे.

‘जीबी पाहा’ हा सल्ला तर सरळ चुकीचा आहे. आपल्याकडे दुकानात ‘आठ जीबीचे कार्ड द्या’ असे मागण्याची जुनी सवय आहे आणि तिचाच फायदा घेऊन मंद कार्डावर भरपूर मेमरी लावून ते विकले जाते. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० हे कार्ड १२ जीबी मेमरी घेऊन आले, आणि त्याच पिढीतल्या आरटीएक्स ३०६० टीआयला ८ जीबीच होती. तरीही टीआय स्पष्टपणे वेगवान आहे, कारण त्यात ३५८४ ऐवजी ४८६४ गणनकेंद्रे आहेत आणि त्याच्या मेमरीचा मार्ग १९२ ऐवजी २५६ बिटांचा आहे. मेमरी ही टेबलाच्या आकारासारखी असते. टेबल लहान पडले तर काम अडते, आणि आजच्या अवजड खेळांत ८ जीबी कधीकधी खरोखरच अपुरी पडते, हेही तितकेच खरे आहे. परंतु टेबल मोठे केल्याने काम करणाऱ्याचे हात चपळ होत नाहीत. कार्डे ताडून पाहायची असतील तर आपल्याला हवा तोच खेळ, आपल्या मॉनिटरच्या रिझोल्यूशनवर, दोन्ही कार्डांवर सेकंदाला किती फ्रेम (चित्रे) देतो याच्या चाचण्या पाहाव्यात.

आता ज्या मुद्द्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसले, त्याकडे येते.

माझा भाचा कोपरखैरण्याला राहतो. त्याने साठवलेल्या पैशांतून आरटीएक्स ३०६० कार्ड घेतले आणि दुकानदाराने कॅबिनेटबरोबर ‘४५० वॅट’ असे ठळक छापलेला एसएमपीएस बसवून दिला. दोन आठवडे सगळे ठीक चालले. मग एका संध्याकाळी त्याचा फोन आला, “मावशी, गेम लोड होतो आणि दुसऱ्या मिनिटाला पीसी धाडकन बंद होतो. बाकी सगळं नीट चालतंय. दुकानवाले म्हणतात, विंडोज पुन्हा टाका.” विंडोज दोनदा टाकून झाले होते. मी मल्टीमीटर घेऊन ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडली.

झाकण काढल्यावर आधी एसएमपीएसच्या बाजूचे लेबल वाचले. वरच्या ओळीत ४५० वॅट आणि खाली लहान अक्षरांत +१२ व्होल्टच्या रकान्यात १७ अँपिअर. गुणाकार केला की २०४ वॅट होतात. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टच्या पुरवठ्यातून घेतात. ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत कितीही मोठे आकडे दाखवून ४५० ची बेरीज जुळवली, तरी त्यांचा खेळ चालवायला उपयोग नसतो. ३०६० ची कमाल गरज १७० वॅट, प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला, शिवाय पंखे, डिस्क आणि बोर्ड. म्हणजे २५० वॅटच्या पुढची मागणी २०४ वॅटच्या नळावर लावलेली होती. साधे काम करताना कार्ड पंधरा-वीस वॅटवर बसून असते, म्हणून दुकानात दाखवताना सगळे सुरळीत चालते. खेळ सुरू होताच मी पिवळ्या आणि काळ्या तारेवर मीटर धरला. १२ व्होल्ट खाली घसरत ११.१ वर आले आणि पडदा काळा झाला. संगणकाच्या एसएमपीएससाठीच्या एटीएक्स मानकानुसार ही पातळी ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे ११.४ च्या वर राहायला हवी.

दुसरी गोष्ट त्याहून चिंतेची होती. त्या एसएमपीएसला ग्राफिक्स कार्डासाठीचा आठ पिनांचा जोड नव्हताच, म्हणून दुकानदाराने जुन्या हार्ड डिस्कसाठी असतो त्या चार पिनांच्या जोडाला अ‍ॅडॉप्टर लावून काम भागवले होते. खऱ्या आठ पिनांच्या जोडात १२ व्होल्टच्या तीन तारा असतात. कार्डाने त्या वाटेने १२० वॅट घेतले, तर एकूण १० अँपिअरचा प्रवाह तिघींत वाटला जातो आणि प्रत्येकीवर साडेतीन अँपिअरही पडत नाहीत. इथे सगळा प्रवाह एकाच बारीक पिवळ्या तारेतून जात होता. ती तार जोडाजवळ बोटभर लांबीपर्यंत तपकिरी झाली होती, आणि हात लावला तेव्हा तिचे आवरण कडक होऊन त्याला भेगा गेलेल्या जाणवल्या. मुलगा रात्री खोलीचे दार लावून तासन्‌तास खेळतो, हे लक्षात घेऊन ती तार पाहिली की ‘कोणताही चालतो’ हे शब्द लिहिणाऱ्याचा मला राग येतो.

तो एसएमपीएस मी कामाच्या ठिकाणी नेऊन उघडला. घरी हे कोणीही करू नये, कारण २३० व्होल्टचा पुरवठा एकदिश झाल्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास भार साठतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तसाच राहू शकतो. आत, जिथे वीज प्रथम शिरते तिथे गाळणीची कॉइल आणि कपॅसिटर यांच्या जागा बोर्डावर छापलेल्या होत्या, पण सुटे भाग बसवलेलेच नव्हते. त्यांच्या जागी साध्या तारेचे तुकडे टाकून मार्ग पुरा केला होता. जादा भार आला की पुरवठा स्वतःहून तोडणारी जी संरक्षणे चांगल्या एसएमपीएसमध्ये असतात, त्यांतले नावाला एखादे होते. पावसाळ्यात वीज जाऊन-येऊन होते तेव्हा कार्ड, बोर्ड आणि डिस्क यांच्या आणि भिंतीतल्या वीजेच्या मध्ये हीच एक पेटी उभी असते, म्हणून तिच्यातली बचत मला अजिबात मान्य नाही.

वीजबिलाचा दावा गणिताने निकालात निघतो. एसएमपीएसवरचा वॅटचा आकडा ही त्याची क्षमता असते. ६५० वॅटचा एसएमपीएस लावला म्हणून संगणक ६५० वॅट घेत नाही. त्याला लागते तेवढीच वीज तो मागतो, आणि फरक पडतो तो रूपांतरात किती वाया जाते याचा. समजा खेळताना आतल्या भागांना २८० वॅट लागतात आणि रोज चार तास खेळ चालतो. ८५ टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून साधारण ३२९ वॅट घेईल, म्हणजे महिन्याला साडेएकोणचाळीस युनिट. ७५ टक्क्यांचा ३७३ वॅट घेईल, म्हणजे जवळपास पंचेचाळीस. बिल वाढवतो तो स्वस्तातला. कार्यक्षमतेसाठी ८० प्लसचा शिक्का पाहावा, पण तो शिक्का फक्त कार्यक्षमतेबद्दल बोलतो, संरक्षणांबद्दल किंवा सुट्या भागांच्या दर्जाबद्दल नाही, हेही ध्यानात ठेवावे. म्हणून घेताना १२ व्होल्टचे अँपिअर मोजावेत, आठ पिनांचा जोड मुळातून आहे का ते पाहावे, आणि वॉरंटी किमान पाच वर्षांची असावी. गरजेपेक्षा क्षमता थोडी जास्त ठेवावी, कारण कार्डाची मागणी क्षणार्धात उसळी घेते. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात या उसळ्या झेलण्याची अट मुद्दाम घालावी लागली, ती यामुळेच. ज्यांच्याकडे यूपीएस किंवा घरचा इन्व्हर्टर आहे त्यांनी त्याचे वेव्हफॉर्मही (विजेच्या लहरीचा आकार) पाहावे: चौकोनी लहरीवर काही चांगले एसएमपीएस वीज जाताच बंद पडतात, आणि दोष मात्र एसएमपीएसला दिला जातो.

रॅमबद्दल थोडक्यात लिहिते. ३२०० वेगाची डीडीआर४ रॅम एका मार्गाने सेकंदाला २५.६ जीबी देते आणि दोन स्टिक योग्य जागी लावल्या तर मार्ग दोन होऊन ती ५१.२ होते. १६ जीबीच घ्यायची असेल तर ८ च्या दोन घ्याव्यात, आणि चार जागांच्या बोर्डावर त्या बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या जागी बसतात. बोर्डाच्या पुस्तिकेत ते लिहिलेले असते. ज्यांनी वेगळे कार्ड न घेता ५६००जी सारखा, ग्राफिक्सचा भाग आतच असलेला प्रोसेसर घेतला आहे, त्यांना तर एका स्टिकचा फटका सर्वाधिक बसतो, कारण तिथे चित्र रंगवणाराही त्याच रॅमवर जगतो. शिवाय बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो ही रॅमच्या वेगाची सोय चालू केल्याशिवाय बहुतेक वेळा रॅम तिच्या खोक्यावर छापलेल्या वेगाने चालत नाही. भाच्याच्या पीसीत तेही राहून गेले होते.

‘बॉटलनेक’ टक्क्यांत सांगणारी संकेतस्थळे खेळाचे नाव जवळजवळ विचारातच घेत नाहीत, आणि तिथेच त्यांचा आकडा निरर्थक होतो. प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर आधी कोण कुठे आहे, काय आदळले, काय दिसायला हवे याचा हिशेब करतो आणि मग कार्ड ते रंगवते. रिझोल्यूशन वाढले की कार्डाचे काम वाढते, प्रोसेसरचे फारसे नाही: १०८० वर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४० वर ३६.९ लाख. म्हणून तीच जोडी एका खेळात प्रोसेसरपाशी अडते आणि दुसऱ्यात कार्डापाशी. घरच्या घरी तपासायचे असेल तर खेळाचे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावे. फ्रेम लक्षणीय वाढल्या तर अडचण कार्डाची होती. आहे तिथेच राहिल्या तर प्रोसेसरची. यासाठी पैसेही लागत नाहीत.

राहिला बिलाचा मुद्दा. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर चार दुकाने फिरावीत आणि भाव करावा, यात काही गैर नाही; तिथे आणि आपल्याकडच्या दुकानांतही नीट बिल देणारे पुष्कळ आहेत. पण वॉरंटीचा दावा सीरियल क्रमांक आणि खरेदीची तारीख यांवर उभा राहतो आणि तारखेचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे जीएसटी क्रमांक असलेले बिल. भाच्याकडे साध्या कागदावर लिहिलेली बेरीज होती आणि एसएमपीएसच्या नावाची ओळही तिच्यात नव्हती, त्यामुळे दुकानदाराने तो बदलून द्यायला सरळ नकार दिला. नवा ५५० वॅटचा एसएमपीएस आम्ही पक्क्या बिलावर घेतला. त्याच्या लेबलावर १२ व्होल्टला ४५ अँपिअर लिहिले आहेत. तेच कार्ड, तोच खेळ, आणि त्या संध्याकाळी सलग तीन तास मीटर ११.९ च्या खाली आला नाही. बिलावर प्रत्येक भागाचे मॉडेल आणि सीरियल क्रमांक स्वतंत्र ओळीत लिहून घ्यावा, आणि खोकी रद्दीत देण्याआधी त्यांवरच्या पट्ट्यांचे फोटो काढून ठेवावेत.