एक स्टारवाल्या भाऊंना: हाव, आम्ही उठबस शिकवतो, काऊन ते वाचा

नमस्कार भाऊ. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. खरं सांगतो, पहिल्यांदा रागच आला, म्हणून रात्री काही टाईप केलं नाही, आता सकाळची बॅच सुटल्यावर लिहून राहिलो. बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगतो, भाऊंचं म्हणणं असं आहे की पोरीला नर्सिंगला जायचंय म्हणून 3 हजार भरून स्पोकन इंग्लिशला टाकली, अन् तीन दिवस झाले क्लासमध्ये नुसती उठबस चालू आहे, टेन्सचा पत्ता नाही, पोट्ट्यांसमोर पोरींना चटईवर आडवं व्हायला सांगते, अन् वरून शीटमध्येच मिस्टेक.

आधी जे आमचं चुकलं ते. शीटमध्ये चूक आहे, ती माझीच. ‘द पेशंट इज लेइंग ऑन द बेड’ असं छापल्या गेलं, पाहिजे होतं ‘लाइंग’. आता हा शब्दच असा बेणा आहे की काय सांगू बाप्पा. स्वतः आडवं होणं म्हणजे ‘लाय’, अन् दुसरी वस्तू आडवी ठेवणं म्हणजे ‘ले’, कोंबडी अंडं देते तेही ‘ले’. इथपर्यंत ठीक आहे, पण ‘लाय’चा भूतकाळ होते ‘ले’! म्हणजे काल मी आडवा झालो तर ‘आय ले डाऊन’, अन् काल मी पोतं आडवं ठेवलं तर ‘आय लेड इट डाऊन’. खोटं बोलणं म्हणजेही ‘लाय’च, फक्त त्याचा भूतकाळ सरळ आहे, ‘लाइड’. ज्यांची मायबोली इंग्रजी आहे ते लोकही बोलताना इथं घसरतात, पण म्हणून आमच्या शीटला माफी नाही, परीक्षेत मार्क पोरीचेच कटतील ना. शीट बदलली.

अन् चटईचं. कोण्या पोरीला कोणी जबरदस्ती केली नाही, पण मिक्स बॅचमध्ये नुसतं विचारलं तरी पोरगी लाजून जाते, नाही म्हणायची तिची हिंमत होत नाही, हे माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. आपलं गाव आपल्याला माहीत आहे. यापुढं चटईवर पोट्टेच जातील अन् पोरी फक्त बोलतील, नाहीतर फळ्यावर काडीचा माणूस काढून करू. याच्याबद्दल तुमची अन् ताईची माफी मागतो.

पण उठबस, म्हणजे उठून-बसून-आडवं होऊन त्याचं इंग्रजीत सांगणं, बंद करणार नाही भाऊ. ती काऊन करतो ते ऐकून घ्या, मग पाहिजे तर तोही एक स्टार काढून घ्या.

आपण मराठीतून जसंच्या तसं इंग्रजी करायला जातो अन् शरीर आलं की हमखास फसतो. आपल्याले ‘हात’ म्हटलं की खांद्यापासून बोटापर्यंत सगळा हातच, त्यांचा मनगटापासून खाली ‘हँड’ अन् वर ‘आर्म’. पायाचंही तेच, घोट्याखाली ‘फूट’, वर ‘लेग’. पायाचं बोट ‘फिंगर’ नाही, ‘टो’. अन् कंबर तर विचारूच नका. निंदण करून आलेली बाई म्हणते कंबर दुखून राहिली, पोट्टी त्याचं करते ‘वेस्ट इज पेनिंग’, पण ती दाखवते पाठीचा खालचा भाग, म्हणजे ‘लोअर बॅक’. आपला विठ्ठल कमरेवर हात ठेवून उभा आहे, तर इंग्रजीत म्हणतात ‘हँड्स ऑन हिप्स’. म्हणजे कंबर एकच अन् शब्द तीन!

‘झोप’ तर सगळ्यात डेंजर. डॉक्टर म्हणते ‘पालथे झोपा’, कोणी तिथं घोरायला लागते का? आपलं झोपणं म्हणजे आडवं होणंही अन् डोळा लागणंही. आता समजा वॉर्डात पेशंट टक्क डोळे उघडे ठेवून पंखा पाहत पडला आहे, अन् नवीन सिस्टर मॅडमला सांगते ‘पेशंट इज स्लीपिंग’. मॅडम म्हणणार, मग उठवू नको, गोळी नंतर देऊ. पाहा, शब्द एक चुकला अन् गोळी राहून गेली. उताणा असेल तर ‘लाइंग ऑन हिज बॅक’, पालथा तर ‘ऑन हिज स्टमक’, कुशीवर तर ‘ऑन हिज साइड’. नर्सिंगच्या पुस्तकात उताण्याला ‘सुपाइन’ अन् पालथ्याला ‘प्रोन’ म्हणतात, अन् पाठीकडून पलंग साधारण 45 ते 60 अंश उचलून पेशंटला बसतं ठेवलं की ती ‘फाउलर्स पोझिशन’, एका अमेरिकन सर्जनच्या नावावरून. ताईला कॉलेजात हे लागणारच आहे. तिथं इंग्रजीत एका दमात सांगतील अन् पुढं जातील.

टेन्स कधी शिकवणार विचारलं ना, तर याच्यातच शिकवून राहिलो. ‘तो बसला आहे’ याचं पोट्टे काय करतात? ‘ही हॅज सॅट’. आपल्याकडं ‘बसला आहे’, ‘उभा आहे’ म्हणजे आता तो त्या स्थितीत आहे, अन् त्यालेच इंग्रजी ‘ही इज सिटिंग’, ‘ही इज स्टँडिंग’ म्हणते. आपण शिकवतो ‘आयएनजी म्हणजे चालू क्रिया’, मग पोट्टं विचारते, सर तो तर हलून नाही राहिला, क्रिया कुठं चालू आहे? बरोबर विचारते! हे व्याकरणाच्या पुस्तकातून दहा वेळा सांगितलं तरी नाही घुसत, खुर्चीत बसवून दाखवलं की घुसते. (इंग्लंडमधले लोक बोलताना ‘वॉज सॅट’ही म्हणतात, पेपरात लिहू नका.)

आता मंगळवारी काय झालं ते सांगतो, तुमची ताई तिथंच होती, विचारा तिले. खेळ असा आहे की एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याला ते दिसत नाही, पहिल्यानं इंग्रजीत सांगायचं अन् दुसऱ्यानं तसं व्हायचं. चित्र होतं खुरपं घेऊन उकिडवं बसून निंदणाऱ्या बाईचं. रोजचं, आपल्या डोळ्यासमोरचं. पोरगी म्हणाली ‘सिट’. पोट्टं जाऊन खुर्चीत बसलं. ‘नो, डाऊन’. त्यानं खाली मांडी घातली. ‘नो, ऑन लेग्ज’. तो गुडघे टेकून बसला, म्हणजे ‘नीलिंग’. मग तिनं डोकं लढवलं, कंबर खाली घे म्हणायला ‘लोअर युअर वेस्ट’ म्हणाली, तर ते येडं ओणवं होऊन कापूस वेचायला लागलं! सगळी बॅच हसून हसून बेजार. दहा मिनिटं गेली राजेहो, मग पोरीनं एकेक करून सांगितलं, ‘बेंड युअर नीज. कीप युअर फीट फ्लॅट. लोअर युअर हिप्स. डोन्ट टच द फ्लोअर.’ अन् पोट्टं बरोबर उकिडवं बसलं. तेव्हा मी फळ्यावर ‘स्क्वॅट’ लिहिलं, आधी नाही. आधी लिहिला असता तर पाठ केला असता अन् एसटीत विसरली असती.

मांडी घालून बसणं ‘सिटिंग क्रॉस-लेग्ड’ अन् खुर्चीत पायावर पाय टाकून बसणं ‘विथ लेग्ज क्रॉस्ड’, हेही त्याच दिवशी झालं, कारण एकानं आजोबाचं वर्णन करताना दुसरं म्हटलं अन् बाकीचे म्हणाले, अबे तुझा आबा असा टेचात बसते का. भिंतीला टेकून उभं म्हणजे ‘लीनिंग अगेन्स्ट द वॉल’. बाळ रांगण्याच्या स्थितीत म्हणजे ‘ऑन ऑल फोर्स’. असे वीस-बावीस शब्द आहेत, शुक्रवारी संपतात, सोमवारपासून वही काढून टेन्सचा तक्ता पण घेतो, तुम्हाला दिसेल असा.

फीचं म्हणाल तर पटलं नाही तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत देतो, भांडण नाही. फक्त एक करा भाऊ, ताईला आज घरी जेवताना विचारा की बाबा कसे बसले आहेत ते इंग्रजीत सांग. सांगता आलं नाही तर शनिवारी बाजाराला याल तेव्हा सरळ ऑफिसात या. आलं तरी या, दुरुस्त केलेली शीट घेऊन जा, झेरॉक्सचे पैसे नाही लागत.