नववी रात्र आणि कपात

दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय. आज एका इंजिनिअरिंग कॉलेजात स्टार्टअप स्पर्धेला परीक्षक होतो. ११ टीम. प्रत्येकीला मी एकच विचारलं, "हे वापरणाऱ्या किती माणसांना जाऊन भेटलात?" १० टीमनी गूगल फॉर्म पुढे केला. फॉर्म भरणारे कोण? वर्गातलीच पोरं.

अकराव्या टीममध्ये एकटी मुलगी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या १४ फाउंड्र्या, म्हणजे धातूचं ओतकाम करणारे कारखाने, फिरून आलेली. फाउंड्रीत गिऱ्हाइकांचे पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा बनतो ते नमुने, वर्षानुवर्षं पडून असतात, ऑर्डर आली की हवा तो सापडत नाही, अर्धा दिवस शोधण्यात जातो. तिनं कुठला पॅटर्न कुठल्या रॅकवर आहे याची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर केलंय आणि एका मालकानं तिला ६,००० रुपये आगाऊ दिलेत. पहिलं बक्षीस मात्र ५०० कोटींच्या मार्केटची स्लाइड दाखवणाऱ्याला. हिला उत्तेजनार्थ, कारण "मार्केट लहान आहे". तिघांत मी एकटा पडलो.

अरे, कारखानदारानं स्वतःच्या गल्ल्यातून काढून दिलेले ६,००० आहेत ते! त्याहून मोठा पुरावा कुठला हवा होता?

२०१७ साली मी आणि माझा मित्र कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ७ महिने बसून दूध संस्थांसाठी अ‍ॅप बनवत होतो. शेतकऱ्याला फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर सगळं मोबाइलवर दिसणार. मग पहाटे साडेपाचला कागल तालुक्यातल्या एका संकलन केंद्रावर गेलो. लाइट गेलेली, ६०-७० माणसं किटल्या घेऊन रांगेत, सचिवांची बोटं दुधानं ओली, टचस्क्रीन काही केल्या दाद देईना. रांग ओसरल्यावर ते म्हणाले, "पोरा, फॅट मशीनच दावतंय की. तू आमची कपात बघ. नववी रात्र त्यातच जात्या माझी."

कपात म्हणजे पशुखाद्याची उधारी, अ‍ॅडव्हान्स, कर्जाचा हप्ता. दर दहा दिवसांनी बिल निघतं, म्हणून आदली, नववी रात्र जागून प्रत्येक सभासदाच्या पैशातून हे वजा करायचं, तेही हातानं. ७ महिन्यांत 'कपात' हा शब्द आमच्या कानावर आला नव्हता! तो आल्यावर तीन आठवड्यांत आम्ही तेवढंच करून दिलं आणि सचिवांनी १,००० रुपये हातावर ठेवले. आमची कंपनी त्या दिवशी सुरू झाली. रजिस्ट्रेशनचा कागद तर आधीपासूनच होता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी घेईनात. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. माणसाच्या मनातली असली भीती कुठल्या फॉर्ममध्ये उतरणार आहे?

हो, औषध किंवा बॅटरी बनवायची तर आधी पैसा लागतो, मान्य. पण आज स्टेजवर कुणीच बॅटरी बनवत नव्हतं.

आणि पोरांवर राग नाही माझा. आपणच त्यांना व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची किंमत काढणं, आधी शिकवतो, गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहायला कुणी शिकवत नाही.

मित्राचंही सांगतो. त्या पहाटे अंधारात मोबाइलचा टॉर्च धरून तोच उभा होता. कंपनी निम्मी-निम्मी केली होती, व्हेस्टिंग, म्हणजे काम करत राहील तसे शेअर टप्प्याटप्प्यानं हक्काचे होण्याची अट, वगैरे काही लिहिलं नाही. मैत्रीत कसला करार, असं वाटायचं. आठव्या महिन्यात वडिलांच्या आजारपणामुळे त्यानं नोकरी धरली आणि निम्मे शेअर त्याच्याकडे राहिले. पुढे पैसे लावायला आलेला प्रत्येक जण तिथंच अडायचा. चार वर्षांत हळूहळू शेअर हक्काचे होतील, वर्षाच्या आत सोडलं तर काही नाही, एवढं एक कलम असतं तर आम्ही दोन वर्षं अबोल्यात काढली नसती. पोरांनो, मैत्री टिकावी म्हणून तरी लिहून घ्या.

ते सचिव आता निवृत्त झालेत. नववी रात्र आली की मला अजून त्यांची ओली बोटं आठवतात.

त्या मुलीपर्यंत ही पोस्ट पोचली तर एक सांगायचंय. पंधराव्या फाउंड्रीत मंगळवारी जाऊ. तू पॅटर्नच्या रॅकपाशी थांब, मालकाशी नको, रोज शोधाशोध करणाऱ्या माणसाशी आधी बोल. मी गाडी घेऊन नऊला शिरोली फाट्यावर असेन.