‘जरी’चा जोडीदार

दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या पिशवीत चकल्यांच्या डब्याखाली इंग्रजी व्याकरणाचा सराव संच होता. ती सेमी-इंग्रजीत दहावीला आहे. “तुझं इंग्रजी चांगलं आहे, तेवढे कंजंक्शन्स तिच्याकडून करून घे,” असे बहिणीने फोनवर सांगितले. चाळीस वर्षांत तिने माझे काहीही चांगले आहे असे म्हटलेले नसल्यामुळे मला तेव्हाच संशय यायला हवा होता. परंतु स्तुतीने माणूस आंधळा होतो, आणि ‘तेवढे’ या शब्दाने तर त्याचा पुरता घात होतो.

माझे इंग्रजी तालुक्याच्या गावातल्या मराठी शाळेत, पाचवीत सुरू झाले. राज्यातल्या मुलांना पहिलीपासून इंग्रजी मिळू लागले ते २००० सालापासून. आमच्या वाट्याला ते आले तोवर मराठी हाडात मुरलेली होती, आणि इंग्रजीला भाडेकरूसारखे मिळेल त्या कोपऱ्यात राहावे लागले. उभयान्वयी अव्ययांचे प्रकार मात्र आम्हाला तोंडपाठ होते. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, त्यानंतरच्या बहुतेक पिढ्यांनी त्या वंशातली व्याकरणे घोकली. प्रधानत्वसूचक चार आणि गौणत्वसूचक चार, असा आमच्या अव्ययांचा भरभक्कम आठ जणांचा संसार होता. भाचीच्या वहीत तीनच प्रकार होते: को-ऑर्डिनेटिंग, सबऑर्डिनेटिंग आणि कोरिलेटिव्ह. पहिल्या प्रकारातली सात अव्यये लक्षात राहावीत म्हणून तिच्या बाईंनी ‘फॅनबॉइज’ असा शब्द सांगितला होता. फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट आणि सो यांची ती आद्याक्षरे. तीनच प्रकार म्हणजे दुपारच्या चहाआधी सुटका, असा हिशेब मी केला.

पहिल्याच वाक्यावर तो हिशेब कोलमडला. “ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही केम,” असे तिने लिहिले होते. मी ‘बट’ खोडला. तिने विचारले, “का?” मी म्हणालो, “एकाच वाक्यात दोन्ही चालत नाहीत.” ती म्हणाली, “मामा, मग ‘जरी पाऊस पडत होता’ म्हटल्यावर पुढे ‘तरी’ नको?” मी निरुत्तर झालो, कारण तरी हवाच! ‘जरी पाऊस पडत होता, तो आला’ असे कोणी म्हणाले, तर समोरचा मराठी माणूस वाक्य संपण्याची वाट पाहत उभा राहील. आपल्याकडे ही अव्यये जोडप्याने राहतात. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, आणि सरकारी कागदावर तर ‘ज्याअर्थी’ आले की पानभराने का होईना, ‘त्याअर्थी’ हजर होतोच. एकटा ‘जरी’ दिसला की आपल्याला त्याच्या घरच्यांची चौकशी करावीशी वाटते. इंग्रजीतला ‘ऑल्दो’ मात्र जन्माचा एकटा राहतो आणि त्याला त्याची खंतही नसते. आमच्या सरांनी ‘दो’च्या सोबतीला ‘येट’ चालवून घेतला होता, तो बहुधा आमच्यासारख्यांची दया येऊनच. ‘बट’ला मात्र त्यांनी कधी उंबरा ओलांडू दिला नाही, आणि त्यापायी मी सहामाहीत जे गुण गमावले, त्यांची भरपाई अद्याप झालेली नाही.

पुढचे वाक्य होते, “अनटिल यू डोन्ट कम, आय विल नॉट ईट.” हे वाक्य मी स्वतः आयुष्यभर बोलत आलो आहे आणि ते चुकीचे आहे हे सांगण्याची वेळ माझ्यावरच यावी, हा नियतीचा खास विनोद होता. ‘जोपर्यंत तू येत नाहीस, तोपर्यंत मी जेवणार नाही’ यातला नकार आपल्याला इतका लागतो, की तो काढला तर जेवणातले मीठ काढल्यासारखे होते. इंग्रजीत मात्र ‘अनटिल’ला तो नकार जोडला, तर तू न येण्याच्या मुहूर्तावर मी पानावर बसेन, असा काहीतरी अर्थ निघतो. ‘अनलेस’ने तर नकार आधीच गिळून ठेवलेला असतो. आणि या सगळ्यांचा थोरला भाऊ म्हणजे ‘लेस्ट’. नापास होऊ नये म्हणून त्याने अभ्यास केला, हे सांगण्यासाठी भाचीने ‘लेस्ट ही शुड नॉट फेल’ असे लिहिले, तेव्हा मी तिला समजावले, की या मुलाने आपण चुकून पास होऊ या भीतीने रात्रभर जागून अभ्यास केला आहे. ती इतकी हसली, की आतून आई काय झाले ते पाहायला आली. माझ्या माहितीतले काही विद्यार्थी नेमका असाच अभ्यास करत असत, ही गोष्ट मी बोलून दाखवली नाही.

‘नो सूनर’च्या प्रश्नापाशी आम्ही पाऊण तास अडलो. बोर्डाच्या परीक्षेत ‘सूचनेप्रमाणे बदल करा’ या सदराखाली हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या दबा धरून बसलेला असतो. ‘नो सूनर’ लिहिले, की ‘डिड’ पुढे आणायचा, क्रियापद मूळ रूपात न्यायचे आणि मध्यावर ‘व्हेन’ न लिहिता ‘दॅन’ लिहायचा, कारण ‘सूनर’ हे तुलनेचे रूप आहे आणि तुलनेला ‘दॅन’ लागतो. ‘हार्डली’ला मात्र ‘व्हेन’ चालतो, कारण तिथे तुलना नसते. एवढी सगळी यातायात कशासाठी, तर ‘घंटा वाजली की मुले पळाली’ हे सांगण्यासाठी. आपला ‘की’ एका अक्षरात हे काम उरकतो आणि वर इतर कामेही करतो. ‘तो म्हणाला की’, ‘चहा की कॉफी’, ‘इतका दमलो की’, अशा प्रत्येक ठिकाणी इंग्रजीला वेगळा नोकर ठेवावा लागतो. कमी पगारात घरातली सगळी कामे करणाऱ्या या ‘की’बद्दल शाळेत आम्हाला कोणीही आदराने बोलायला शिकवले नाही.

‘पण’ने मात्र आम्हाला दगा दिला. “मी पण येते” मधला ‘पण’ म्हणजे ‘ऑल्सो’ आणि “येते, पण उशिरा” मधला ‘पण’ म्हणजे ‘बट’. त्यामुळे ‘नॉट ओन्ली’च्या जोडीचा ‘बट ऑल्सो’ मराठीत सांगायला गेलो, तेव्हा तो ‘पण पण’ असा निघाला. भाचीने तो तसाच समासात लिहून घेतला.

तिचा उत्साह टिकावा म्हणून मी तिला अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या दूधवाहक चालकांचा खटला सांगितला. जादा कामाचा मोबदला कोणत्या कामांना मिळणार नाही, याची यादी तिथल्या कायद्यात होती आणि तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते. ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे वाटप हे वेगळे काम, की फक्त वाटपासाठीचे पॅकिंग, असा वाद उभा राहिला. २०१७ साली अपील न्यायालयाने चालकांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. हे ऐकून भाची म्हणाली, “मामा, माझे तर दोनच मार्क जातात,” आणि वही मिटून फटाके पाहायला निघून गेली.

माझी सुटका मात्र झाली नव्हती. त्याच आठवड्यात आईच्या बचत खात्यात माझे नाव घालण्यासाठी आम्ही बँकेत गेलो. फॉर्मवर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असा एक चौकोन होता आणि शेजारी हिंदीत ‘उत्तरजीवी’ असे छापलेले होते. कोरिलेटिव्ह कंजंक्शनचा पहिला अर्धा भाग आणि माणसाच्या आयुष्याचा उरलेला अर्धा भाग एकाच ओळीत बसवणाऱ्या त्या अज्ञात लेखकाला मी मनोमन हात जोडले.

“सर्व्हायव्हर म्हणजे काय रे?” आईने विचारले.

“म्हणजे दोघांपैकी जो मागे राहील तो,” मी शक्य तितक्या हलक्या आवाजात म्हणालो.

“मग ‘अथवा’ कशाला? ‘आणि’ नाही का लिहीत?”

खिडकीपलीकडचा तरुण कारकून अदबीने म्हणाला, “आजी, ‘आणि’वालं पण आहे, जॉइंटली. पण मग दर वेळी दोघांची सही लागेल.” त्या दोन वाक्यांतले दोन्ही ‘पण’ मला भाचीला दाखवावेसे वाटले.

“लागू दे,” आई म्हणाली. “त्या निमित्ताने हा माझ्याबरोबर घराबाहेर तरी पडेल.”

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघे रिक्षाने बँकेत जातो, तिच्या सहीला पाच मिनिटे लागतात, आणि येताना ती कोपऱ्यावरून कोथिंबीर घेते. गेल्या महिन्यात तिचा गुडघा दुखत होता, म्हणून मी तिची सही घरीच घेऊन एकटा गेलो. कारकुनाने स्लिपवरच्या दोन्ही सह्या नीट तपासल्या, माझ्या मागच्या रिकाम्या जागेकडे पाहिले आणि विचारले, “आणि आजी?”