गंज झाकावा कसा?

परवा गाडी धुताना मागच्या चाकावरच्या कमानीला एक फोड दिसला. सहज स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत. बोटभर जाड पुट्टीचा खपला पडला, त्यामागून तारेची जाळी निघाली आणि जाळीमागून ओलं वर्तमानपत्र. अर्धवट सोडवलेल्या शब्दकोड्यासकट. गॅरेजमध्ये हे काम होऊन तीन महिनेही झाले नव्हते. त्यातून मिळालेलं ज्ञान तुम्हा गॅरेजवाल्यांना फुकट वाटतो.

रंगाखाली फोड आला की घाबरू नका. ते घामोळं असतं, आपोआप बसतं.

सडलेला पत्रा कापू नका. चांगला पत्रा लागेपर्यंत मागे जायचं, नवा तुकडा बेतायचा, बॅटरीची वायर काढून वेल्डिंग करायचं, मग आतून मेण फवारायचं, हे रिकामटेकड्यांचे उद्योग. आपण भोकात कागद कोंबावा. कागद ओल धरून ठेवतो, त्यामुळे गंजाची आबाळ होत नाही.

पोचा आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून हातोडीने काढत बसू नका. पुट्टी कशासाठी आहे? ३ मिलिमीटरच्या वर थर देऊ नये म्हणतात. म्हणू द्या. पुट्टी घट्ट करणारा हार्डनर तिच्या २ टक्क्यांच्या आसपास लागतो, पण तो मापून घालणं हा हाताच्या कसबाचा अपमान.

प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, मारून गाडी पावसात उभी करा. करडा रंगही शोभतो.

चुंबक घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला चहा-पाण्यात गुंतवा; पुट्टीवर ते चिकटत नाही.

आता दारं. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. काचेच्या रबराजवळून आत उतरलेलं पाणी बाहेर जावं म्हणून कारखान्याने मुद्दाम ठेवलेली. दिसायला वाईट, तेव्हा बुजवून टाका. कड कशी सलग दिसते! माझ्या चारही दारांची बुजवलीत. एकूण एक! दार उघडलं की आत पाणी डुचमळतं, वळणावर ऐकू येतं. मी आठवडाभर सीटखाली बाटली शोधत होतो. अहो, जे भोक पडायला नको होतं ते कागदाने भरलंत आणि जे असायलाच हवं होतं ते पुट्टीने! एक तार घालून मोकळं करायला किती वेळ लागतो? अर्धा मिनिट. बुजवायला जास्त लागला असेल.

रंग जुळवताना फक्त कंपनीचा कलर कोड बघा, गाडीकडे बघू नका.

आणि दाराखालची लांब पट्टी? तीही तशीच झाकलीय, वरून काळा रबरी लेप. काल जॅक लावला, तर गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच आत घुसला. आता थट्टा पुरे. या गाड्यांना वेगळी चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते, भार हाच पत्रा घेतो. धडक बसली की हाच आडवा येतो. त्यात पुट्टी भरून वर चकाकी काढणं ही कारागिरी नाही, लबाडी आहे. गाडी विकायच्या आधी असलं काम मुद्दाम करून घेणारेही त्याच माळेचे मणी. ‘दोन दिवसांत उरका’ म्हणून मागे लागलो ही माझी चूक, कबूल. पण पत्रा संपलाय एवढंच सांगायचं होतं. मी थांबलो असतो, नाहीतर गाडी मोडीत काढली असती. तेवढं बोलायला तोंड उघडलं नाही, जाळी कापायला कात्री मात्र लगेच सापडली.