चहा महागला आणि अमेरिका स्वतंत्र झाली

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीला दहापैकी दोन मार्क पडले. वय तेवीस, मुक्काम पेठेतली कॉट बेसिसची खोली, ध्येय यूपीएससी. टेस्ट सिरीजमध्ये प्रश्न होता : अमेरिकन वसाहतींनी ब्रिटिश सत्ता का झुगारली? पोरीनं चार पानं लिहिली. समासात लाल पेनानं शेरा आला, 'चहा महागला हा मुख्य मुद्दा सुटला. नोट्स वाचणे.' तिनं लिहिलं होतं की चहा स्वस्त झाला होता.

मी तिच्याबरोबर क्लासात गेलो. सर म्हणाले, "काका, तपासणाऱ्याकडे एका पेपरला दोन मिनिटं असतात. त्याला कीवर्ड दिसला पाहिजे."

मला पटलं. इतकं पटलं की सगळ्याच होतकरू मंडळींच्या सोयीसाठी काही सूचना लिहून काढल्या. चार पानांची गरज नाही, दोन मिनिटांत अमेरिका स्वतंत्र करून देतो.

पहिलं म्हणजे, १७६३ हे साल पेपरात येऊच देऊ नका. ते आलं की घोळ सुरू होतो. फ्रान्सबरोबरचं सात वर्षांचं युद्ध इंग्लंडनं जिंकलं, कॅनडा खिशात घातला आणि मग हिशेब मांडला, तर डोक्यावर १३ कोटी पौंडांच्या आसपास कर्ज. युद्धाआधीच्या जवळजवळ दुप्पट. वर अमेरिकेत दहा हजार सैनिक पोसायचे. लंडनचं म्हणणं, तुमच्यासाठीच लढलो, थोडा भार उचला. वसाहतींचं म्हणणं, फ्रेंच तर गेले, आता हे सैन्य नक्की कोणासाठी? दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं वाटायला लागतं, आणि तसं वाटणाऱ्याचे मार्क जातात.

अ‍ॅपलाचियन डोंगराचं नाव काढू नका. त्याच वर्षी राजानं डोंगरापलीकडे वस्ती करायला बंदी घातली आणि पलीकडच्या जमिनींवर डोळा ठेवून बसलेल्यांत जॉर्ज वॉशिंग्टनही होते. राष्ट्रपिता आणि प्लॉटिंग हे शब्द एका ओळीत बरे दिसत नाहीत.

कर नेहमी 'वाढवला' असंच लिहा. १७६४ च्या साखर कायद्यानं काकवीवरचा कर गॅलनला सहा पेन्सवरून तीन पेन्सवर आणला, म्हणजे निम्मा केला, हे चुकूनही लिहू नका. मग लोक चिडले का, असा प्रश्न येईल. सहा पेन्स होते तेव्हा ते कोणी भरत नव्हतं. कस्टमवाल्याच्या हातावर काहीतरी ठेवलं की पिंप बंदरातून बाहेर. आता तीन पेन्स खरोखर वसूल होणार होते, आणि पकडला गेलेला व्यापारी ज्युरी नसलेल्या न्यायालयात उभा राहणार होता. नियम असल्याचं दुःख नव्हतं, अंमल सुरू झाला त्याचं होतं. पुण्यात दुचाकी चालवणाऱ्यांना हेल्मेटवरून हे वेगळं समजवायला नको.

स्टॅम्प अ‍ॅक्टला एक ओळ पुरे : '१७६५ साली मुद्रांक कर लावला.' पत्त्यांच्या जोडावर एक शिलिंग, फाशांच्या जोडीवर दहा, शिवाय वर्तमानपत्रं, करारनामे, पदवीची प्रमाणपत्रं, असले तपशील देऊ नका. वकील, छापखानेवाले आणि गुत्त्यात बसून पत्ते कुटणारे या तिन्ही जमातींना एकाच कायद्यात दुखावणारं सरकार किती हुशार असेल, याचा विचार करत बसाल आणि वेळ संपेल. बोस्टनमध्ये मुद्रांक वाटायला नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला टांगला, पुढच्याच पंधरवड्यात लेफ्टनंट गव्हर्नर हचिन्सनचं घर धुऊन नेलं, हेही राहू द्या. मार्च १७६६ मध्ये कायदा मागे घेतला आणि त्याच दिवशी दुसरा आणला, की कोणत्याही बाबतीत पार्लमेंटचा कायदा वसाहतींवर बंधनकारक असेल. माफी मागता मागता कानाखाली वाजवायची ही पद्धत नोट्समध्ये नाही.

'प्रतिनिधित्व नाही तर कर नाही' याखाली दोनदा रेघ मारा. अर्थ विचारायला कोणी येत नाही.

आता चहा. इथे मात्र मन घट्ट करून लिहायचं, 'चहावरील कर वाढवल्याने असंतोष उसळला.' कर वाढला नव्हता. रतलाला तीन पेन्स हा कर १७६७ पासूनचा. त्याच्याबरोबर लावलेले काच, कागद, रंग यांच्यावरचे कर १७७० मध्ये काढून टाकले आणि चहावरचा तेवढा ठेवला, अधिकार दाखवायला. १७७३ मध्ये एका कंपनीचं दिवाळं निघायची वेळ आली. गोदामांत पावणेदोन कोटी रतलांच्या आसपास चहा पडून. ही कंपनी कोणती, सर? आपलीच की हो, ईस्ट इंडिया कंपनी! तिला वाचवायला पार्लमेंटनं तिचा चहा इंग्लंडचा कर माफ करून थेट अमेरिकेत विकायची परवानगी दिली. मधले दलाल गेले आणि चहा चोरट्या डच चहापेक्षाही स्वस्त झाला. फक्त ते तीन पेन्स आत तसेच राहिले. स्वस्त पितोय म्हणून घोट घेतला की तुमच्यावर कर बसवायचा आमचा हक्क तुम्ही गिळला. विकायची एजन्सीही ठरावीक लोकांनाच. बोस्टनमध्ये कोणाला? तोच हचिन्सन आता गव्हर्नर झाला होता, त्याच्या दोन मुलांना. पुढचं सांगायला नको.

आणि हो, चोरट्या चहावर पोट असलेले बडे व्यापारीही खवळले होते. सगळे काही तत्त्वासाठी रात्री जागत नव्हते. म्हणून तर १६ डिसेंबर १७७३ ला बोस्टन बंदरात तीन जहाजांवरच्या चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात फेकल्या गेल्या. त्याच वर्षी जॉन डिकिन्सननं पत्रकात लिहिलं की या कंपनीनं आशियात काय केलंय ते बघा, दुष्काळात धान्य अडवून माणसं मारली, आता नजर आपल्याकडे आहे. तो बंगालच्या १७७० च्या दुष्काळाबद्दल बोलत होता. आपल्या दुष्काळाबद्दल! अमेरिकेतल्या वकिलाला तेव्हा हे ठाऊक होतं आणि पुण्यातल्या क्लासला आज ठाऊक नाही. त्याला फक्त एवढंच ठाऊक की चहा महागला. रस्त्यावरचा कटिंग महागला की हे लोक काय करतात? निमूट वाढीव पैसे देतात. तीन पेन्ससाठी कोणी बंदुका काढत नाही हो!

पुढचं पटापट. पार्लमेंटनं १ जून १७७४ पासून बोस्टन बंदर बंद केलं, बोस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्सचं सल्लागार मंडळ राजाच्या नेमणुकीचं केलं, गावसभा गव्हर्नरच्या परवानगीशिवाय भरवायच्या नाहीत म्हणून सांगितलं. एका गावाला धडा शिकवायला गेले आणि सप्टेंबरात बारा वसाहती फिलाडेल्फियात एकत्र बसल्या. या मुद्द्याला नोट्समध्ये अर्धी ओळ आहे.

राजाला १७७५ मध्ये शेवटचा समेटाचा अर्ज गेला होता, त्यानं तो घेतलाच नाही. हे लिहिलंत तर कागद वाया.

बंडखोर मालकांकडून पळून येऊन राजासाठी लढणाऱ्या गुलामांना व्हर्जिनियाच्या गव्हर्नरनं स्वातंत्र्य देऊ केलं आणि मालकमंडळींचं स्वातंत्र्यप्रेम अचानक उफाळून आलं, हे तर मुळीच नको. हिरो खराब होतात.

बरं, आता पुरे झाली थट्टा. सर, स्वातंत्र्याचा तो जाहीरनामा तुम्ही एकदा तरी वाचलाय का? दीड हजार शब्दांच्या आत आहे, चहा पिता पिता होतो. राजाविरुद्धच्या तक्रारी त्यात सत्तावीस. विधानसभा बरखास्त केल्या, न्यायाधीश आपल्या मुठीत ठेवले, शांततेच्या काळात सैन्य आणून बसवलं, ज्युरी काढून घेतली. कराला एक ओळ, तीही 'आमच्या संमतीशिवाय' या शब्दांसकट. चहा हा शब्द अख्ख्या जाहीरनाम्यात नाही. एकदाही नाही! पोरीनं नेमकं हेच लिहिलं होतं, तिसऱ्या पानावर, आणि तुमच्या तपासणाऱ्यानं त्या पानावर साधी टिकसुद्धा केलेली नाही. म्हणजे पान उलटलंच नाही. वाचायचं नसेल तर घेता कशाला पेपर? उद्या ही पोरं कलेक्टर होऊन लोकांवर कर आणि दंड लावणार आहेत, आणि तुम्ही त्यांना शिकवताय की लोक चिडतात ते फक्त भाव वाढले म्हणून. लाज वाटली पाहिजे.

सर शांतपणे म्हणाले, "रीचेकिंगचा फॉर्म काउंटरवर आहे." तीनशे रुपये. मागच्या बॅचला दोनशे होते. कोणाला विचारून वाढवले, असं मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तर तिनं भाचीकडे बघितलं. भाचीनं भरले. पावती नाही मिळाली.