गूळ काच नाही, हे कबूल. पण काच वाहते हे नाही

काका, नमस्कार. उत्तराला आठवडा लागला, कारण तुमचा पहिला मुद्दा वाचून मी आधी गप्पच बसलो. तुम्ही लिहिलंत : ‘गुळाला काच म्हणणारा माणूस काहीलीजवळ कधी उभा राहिलेला दिसत नाही. काच तर मुळात द्रवच, आमच्या वाड्याची तावदानं खाली जाड झालीत. विद्यापीठातली माणसं यात वर्षानुवर्षं काय शोधतात?’

गुळाचं चुकलंच. विद्यापीठातल्या काच आणि मृदू पदार्थांवर (जेल, फेस असले लिबलिबीत पदार्थ) काम करणाऱ्या गटाबद्दल लिहिताना काचेचं, म्हणजे रेणू ओळीनं न बसताच घट्ट झालेल्या पदार्थाचं, जवळचं उदाहरण म्हणून मी गूळ घुसडला. गुळव्या (गूळ करणारा कारागीर) वाफ्यात, म्हणजे निववायच्या पसरट भांड्यात, ओतलेला पाक घोटत राहतो तो कण धरावा म्हणूनच, आणि कण म्हणजे स्फटिक, ओळीनं बसलेले रेणू. लोळलेल्या, म्हणजे शेतात आडव्या पडलेल्या, उसाचा गूळ नीट बसत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार? त्यात साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतं आणि ते रांगेत मध्येच घुसतं.

काच बघायची तर चिक्कीचा पाक बघा. पातळ पसरला, झटकन निवला, रेणूंना रांग लावायला सवडच नाही. होते तिथं अडकले. जुलैत डब्याचं झाकण सैल राहिलं की तीच चिक्की बोटाला चिकटते. कोरडी साखर-काच साठेक अंशाला मऊ पडते, पण हवेतलं पाणी शिरलं की तो आकडा खाली घसरतो.

तावदानाचं मात्र मानणार नाही. जुनी काच फुंकून, फिरवून चपटी करत, त्यामुळं जाडी सारखी नसायचीच. वरची कड जाड असलेलीही सापडतात, ती काय वर वाहिली? एडगर झानोटो या ब्राझीलच्या संशोधकानं १९९८ मध्ये हिशेब मांडला : घरातल्या तापमानाला काच दिसण्याइतकी वाहायला विश्वाचं वयही पुरणार नाही. संथ वाहतं ते डांबर. क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ मध्ये नरसाळ्यात भरलं, १९३० मध्ये खालचं तोंड कापलं, २०१४ पर्यंत नऊ थेंब पडले!

आता ‘शोधतात काय?’ काचेतली रेणूंची मांडणी द्रवासारखीच विस्कटलेली. मग द्रव वाहतो आणि ही का थांबते? फिलिप अँडरसन या नोबेलविजेत्यानं १९९५ मध्ये घनपदार्थांच्या सिद्धांतातला बहुधा सर्वांत खोल न सुटलेला प्रश्न म्हटलं ते यालाच. रेणू हलताना दिसत नाहीत, म्हणून त्या गटासारखे लोक मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे प्लास्टिकचे गोळे द्रवात दाटीनं भरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. एकूण जागेपैकी साधारण ५८ टक्के गोळ्यांनी व्यापली की हालचाल जवळजवळ थांबते. जोतिबाच्या यात्रेत पायऱ्यांवर होतं तसं : शेजारचा सरकल्याशिवाय आपण सरकत नाही, आणि त्याचंही तेच.

यंदा तुमचं गुऱ्हाळ पेटलं की कळवा. घोटायच्या आधी चमचाभर पाक ताटलीत पातळ ओतून घ्यायचाय. तडकतो की चिकटतो, तुमच्या गुळव्यासमोरच बघू.