प्रोगवाल्यांच्या पायाला लागलेला चिखल

प्रोग रॉक, म्हणजे सत्तरच्या दशकातलं लांबलचक, गुंतागुंतीचं 'प्रोग्रेसिव्ह' रॉक. त्यातले शब्द हा आता चेष्टेचाच विषय झालाय. जादूगार, एल्फ, अंतराळयानं आणि वीस-वीस मिनिटं चाललेला कुठलातरी मोक्ष. चेष्टेत तथ्यही आहे. 'येस' हा बँड मला प्रचंड आवडतो, पण त्यांचा गायक जॉन अँडरसन नेमकं काय म्हणतोय हे विचारायचं नसतं. त्याला आधी शब्दाचा नाद हवा असतो. अर्थ मागाहून आला तर आला.

पण त्याच पिढीतले काहीजण लोकगीतांकडून लिहायला शिकले, आणि माझ्या मते त्यांचेच शब्द खरे टिकले. मी चालींबद्दल बोलत नाहीये. मँडोलिन घेतलं, बासरी घेतली, की चाल 'फोक' वाटायला लागते. शब्दांचं तसं होत नाही. जुनं इंग्रजी लोकगीत भावना सांगत बसत नाही. ते वस्तू, कामं आणि घडलेल्या गोष्टी सांगतं आणि गप्प बसतं.

ट्रॅफिक या इंग्लिश बँडने १९७० साली 'जॉन बार्लीकॉर्न' हे पारंपरिक गाणं घेतलं. त्यांच्या ख्रिस वूडने ते वॉटरसन्स या गायक कुटुंबाच्या रेकॉर्डवर ऐकलं होतं. तिघेजण जॉनला मारायची शपथ घेतात, त्याला नांगरून मातीत गाडतात. तो उगवतो, त्याला दाढी फुटते. मग त्याला गुडघ्यापाशी कापतात, झोडपतात, दगडांत भरडतात आणि शेवटी तोच पेल्यात उतरून सगळ्यांना पुरून उरतो. जॉन म्हणजे बार्ली, आणि हे सगळं बिअरबद्दल आहे. गाणं हे कुठेही फोडून सांगत नाही. त्यांचा गायक स्टीव्ह विनवुडही ते सरळ गातो, डोळा मारत नाही.

पण ट्रॅफिकने तयार गाणं घेतलं. नवं गाणं त्या रीतीने लिहायचं तर काय करावं लागतं, हे बघायला जेथ्रो टल या बँडकडे जावं लागतं. आपल्याकडे टल म्हटलं की एका पायावर उभा राहून बासरी वाजवणारा त्यांचा गायक-गीतकार इयन अँडरसन आणि फार तर त्यांचा गाजलेला अल्बम 'अ‍ॅक्वालंग'. मला त्यांचे १९७७ आणि १९७८ चे दोन अल्बम जास्त मोलाचे वाटतात: 'साँग्ज फ्रॉम द वुड' आणि 'हेवी हॉर्सेस'. १९७७ म्हणजे लंडनमध्ये पंक या रांगड्या, बंडखोर रॉकचा धुमाकूळ चालू होता, आणि हा गडी मे महिन्याच्या सणात पानांनी झाकून नाचणाऱ्या 'जॅक-इन-द-ग्रीन'वर गाणं लिहीत होता. त्याआधी त्याने स्टीलाय स्पॅन या फोक-रॉक बँडच्या १९७४ च्या अल्बमला हातभार लावला होता, तेव्हा ही ओढ काही रातोरात आली नव्हती.

'जॅक-इन-द-ग्रीन'मधलं एकच वळण बघा. हायवे आणि विजेच्या तारांनी आपली जुन्या हिरवळीपासून ताटातूट केली का, असं तो विचारतो. उत्तर काय, तर आज फुटपाथच्या फटीतून गवत उगवलेलं पाहिलं. बस. 'निसर्ग अमर आहे' असं फोडून सांगायचा मोह त्याला झाला नाही, ही मला त्याची कमाई वाटते.

तरी स्पष्ट सांगतो, 'साँग्ज फ्रॉम द वुड' थोडा नटवलेला अल्बम आहे. त्यातल्या 'हंटिंग गर्ल'मध्ये घोड्यावरची उमरावाघरची बाई आणि साधा माणूस, 'वेल्व्हेट ग्रीन'मध्ये गवतावर रात्र काढायला विनवणारा तरुण. ही जुन्या बॅलडमधली, म्हणजे कथागीतांमधली, नेहमीची पात्रं. चावटपणा फर्मास आहे, पण कधीकधी भेटकार्डावरचं खेडं बघितल्यासारखं वाटतं.

'हेवी हॉर्सेस'मध्ये ते खेडं कामाला लागतं. नऊ मिनिटांचं शीर्षकगीत नांगराच्या घोड्यांवर आहे. अँडरसन जातींची नावं घेतो: क्लाइड्सडेल, सफोक, शायर, पर्शरॉन. ओकचं चाक, घासून चकचकीत केलेला चामड्याचा लगाम. घोड्याची उंची देतो तीही घोडेवाल्यांच्या मापात. हिशेब केला तर खांद्यापाशी सहा फूट. ट्रॅक्टर आलेत, हे घोडे संपत चाललेत. त्यावर तो टिपं गाळत नाही, एक बेत सांगतो. वंश टिकावा म्हणून घोडी शोधू, तुमच्या आकाराला हसणाऱ्यांच्या नजरेआड, रानामागे तुम्हाला लपवून ठेवू. एक दिवस तेलवाले कोरडे पडतील आणि तुमच्या ताकदीची भीक मागत येतील. १९७३ चं तेलसंकट तेव्हा ताजंच होतं. आणि मधेच लय दौडायला लागते, पाहुणा वादक डॅरिल वे याचं व्हायोलिन वर चढतं, तेव्हा हा बेत खराच वाटायला लागतो.

यातली गंमत अशी, की मूळचा जेथ्रो टल हा अठराव्या शतकातला इंग्रज शेतकरी. त्याने घोड्याने ओढायचं पेरणीयंत्र बनवलं आणि घोड्याच्या कोळपणीवर पुस्तक लिहिलं. हे नाव बँडला १९६८ मध्ये बुकिंग एजन्सीकडून मिळालं. दहा वर्षांनी गाणी नावाला जाऊन भेटली.

याच अल्बमवर 'वन ब्राउन माउस' आहे. त्यामागे स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सची १७८५ ची उंदरावरची कविता आहे. नांगराने बीळ मोडलं म्हणून शेतकरी बर्न्स उंदराची माफी मागतो. अँडरसनही स्कॉटिश, डनफर्मलिनचा. त्याचा उंदीर मात्र काचेमागे पिंजऱ्यात आहे आणि गाणं विचारतं, आपल्या दोघांपैकी चक्रावर पळतंय कोण? परंपरा घेणं म्हणतात ते हेच. बर्न्सचं शेत त्याने उसनं आणलं नाही.

आक्षेप मला माहीत आहे: रॉकच्या पैशावर शेतावर राहायला गेलेला माणूस, त्याने नांगराची गाणी म्हणायची! पुढे त्याने स्कॉटलंडमध्ये सामन माशांची शेतीही केली, म्हणजे जमीनदारच. मान्य. पण इंग्लंडची लोकगीतं कागदावर आली तीही बाहेरच्यांमुळेच. लोकगीतं गोळा करणाऱ्या सेसिल शार्पला १९०३ साली सॉमरसेटमध्ये पहिलं गाणं मिळालं ते एका माळ्याच्या तोंडून, आणि शार्प स्वतः लंडनचा संगीतशिक्षक. मी एवढंच बघतो, की लिहिणाऱ्याला घोड्याच्या जाती ठाऊक आहेत का. अँडरसनला आहेत.

ऐकायचं असेल तर 'हेवी हॉर्सेस'पासून सुरुवात करा, शब्द समोर ठेवून. 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' हा टलचा दुसरा गाजलेला अल्बम नंतर ऐकला तरी चालेल. त्याचं कौतुक करायला बाकीचे आहेतच.